घोरण्यावरचे साधन बसविण्यापूर्वी दातांची मशागत



गेल्या गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील एक ऊस वाहतूकदार सभासद रात्री दीडच्या सुमारास भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ओढ्याच्या कडेला कलंडले. रस्ता सरळ, चांदणे पडलेले, समोरून वाहन नाही. नशिबाने हातावर निभावले. दवाखान्यात पट्टी बांधताना विचारले, तर म्हणाले, "डोळा लागला असंल." सोबत आलेल्या मंडळींनी, पीत असतील, असाच अर्थ काढला. पण त्यांच्या मालकीण मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे पीत न्हाईत. पण रातच्याला घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबतोय. मी हलवून जागं करते. आज चार वर्सं झाली, मला धड झोप न्हाई."

या माउलीने जे सांगितले तेच पुढे झोपेच्या तपासणीत निघाले. मोठ्या डॉक्टरांनी यंत्राचा मुखवटा लावून पाहिला. तो गृहस्थांना काही केल्या सोसेना. त्यांचा आजार मध्यम स्वरूपाचा असल्याने डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना माझ्याकडे पाठविले. रात्री तोंडात घालून झोपायचे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन त्यांना हवे होते. आले आणि खुर्चीत बसताच म्हणाले, "साहेब, आजच माप घ्या. पैसे आणल्यात."

मी माप घेतले नाही. तोंड तपासून सांगितले, की आधी चार महिने दातांचे काम करावे लागेल. ते रागावले. "मी दात दाखवायला आलोच न्हाई, घोरण्यासाठी आलोय," असे म्हणून उठूनच गेले. पंधरा दिवसांनी परत आले ही गोष्ट वेगळी. त्यांचा राग मला समजतो. घोरणे घशातले आणि दुरुस्ती दातांची, हे कोणालाही कोड्यासारखेच वाटेल. म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम आजाराविषयी थोडक्यात. झोपेत अंगाचे सगळे स्नायू सैल पडतात, तशी जीभ आणि पडजिभेच्या आजूबाजूचा मऊ भागही सैल पडतो. काहींच्या घशाची वाट मुळातच अरुंद असते. ती अर्धवट मिटली म्हणजे घोरणे, पूर्ण मिटली म्हणजे श्वास बंद. छाती हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, मोठा हुंदका येतो आणि वाट उघडते. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला, वा फार मंदावून प्राणवायू उतरला, तर तो एक झटका धरतात. तासाला ५ ते १५ झटके म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० च्या वर गेले की तीव्र. रात्रभर अशी ओढाताण झालेला माणूस दिवसा पेंगतो, चिडतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाढवूनही प्रेशर हटत नाही. आणि ट्रॅक्टरच्या सीटवर डोळा लागतो.

या आजारावर नाकातून दाबाने हवा सोडणारे यंत्र १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी प्रसिद्ध केले. तीव्र आजाराला आजही पहिला उपाय तोच. तोंडातले साधन हे सौम्य व मध्यम आजाराला, किंवा यंत्र ज्यांना अजिबात सोसत नाही अशांना उपयोगी पडते. त्याची युक्ती साधी आहे. जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. फ्रान्समधले पिएर रोबँ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, लहान जबड्याच्या मुलांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो म्हणून जबडा पुढे धरण्याच्या खटपटी करीत होते. आजचे साधन त्याच विचारातून आले आहे. वरच्या दातांवर एक साचा, खालच्या दातांवर दुसरा, आणि दोहोंना जोडणारा असा सांधा की खालचा साचा थोडा पुढेच राहावा.

आता मुद्द्याची गोष्ट. जबडा पुढे धरला, तरी जबड्याचे स्नायू त्याला रात्रभर मागे ओढत असतात. हा ओढा कशावर येतो? दातांवर. दुसरे काही तिथे नाहीच. वरच्या पुढच्या दातांना तो आत ढकलतो, खालच्या पुढच्या दातांना बाहेर. दररोज सहा-सात तास, आणि असे वर्षानुवर्षे. ज्या खुंट्याला बैल बांधायचा तो खुंटा आधी हलवून पाहावा लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. उरलेले अर्धे एका सभासदाच्या तोंडात शिकलो. बरीच वर्षे झाली. दिवाळी आठ दिवसांवर, कारखान्याचा बॉयलर पेटलेला, त्यांना टोळ्या आणायला जायची घाई. खालचे पुढचे दात किंचित हलत होते, हिरड्यांतून रक्त येत होते. मी मनात म्हटले, हंगाम संपल्यावर हिरड्यांचे पाहू. माप घेतले, साधन दिले. पहिला महिना सुरेख गेला, घोरणे बंद झाले. फाल्गुनात ते खालचे दोन दात बोटाने हलवीतच आले. ते काढावे लागले. दात गेले म्हणजे साधनाचे माप गेले, ते बसेना. हजारो रुपये पाण्यात, दात गेले आणि घोरणे पुन्हा सुरू. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखविला नाही, पण परत साधनही करून घेतले नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

हिरड्या

हुमणी लागलेला ऊस तुम्ही पाहिला आहे. वरून हिरवागार दिसतो, आणि हाताने ओढला की अख्खे बेट वर येते, कारण खाली मुळेच शिल्लक नसतात. हिरड्यांच्या रोगाचे तसेच आहे. दातावर किटण साचते, ते हिरडीखाली उतरते, आणि दात ज्या हाडात रोवलेला आहे ते हाड हळूहळू झिजत जाते. दात पांढरा, न किडलेला, न दुखणारा, आणि तरी मुळाशी पोकळ. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर असते. आम्ही बारीक खुणेच्या सळईने ती मोजतो. ४ किंवा अधिक निघाली तर काम करावेच लागते. सोबत संपूर्ण जबड्याचा एक फोटो काढतो, त्यात हाड किती उरले ते दिसते.

दात साफ केल्याने ते ढिले होतात, हा आपल्याकडचा पक्का समज. दर आठवड्याला कोणीतरी मला हे ऐकवतेच. खरे असे, की दात आधीच ढिले झालेले असतात आणि किटणाचा गिलावा त्यांना एकमेकांशी चिकटवून धरतो. गिलावा काढला की भिंतीची खरी अवस्था दिसते. साफ केल्यावर सूज उतरते आणि पुष्कळदा हलणारे दात थोडे घट्टही होतात. मात्र याला वेळ द्यावा लागतो. मुळांपर्यंत साफ केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजून पाहतो. तेव्हा जे दात खूप हलतात त्यांच्यावर साधनाचा भार टाकायचा नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याखेरीज हिरड्या सुधारत नाहीत, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखरही नीट आटोक्यात येत नाही. दोन्हीकडून बांध घालावा लागतो.

तंबाखू मळून बार भरणाऱ्यांनी आणि मशेरी लावणाऱ्या भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. जिथे तंबाखू धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि मुळे उघडी पडतात. शिवाय, "माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही," असे अभिमानाने सांगणाऱ्या बिडी-सिगारेटवाल्यांनी फसू नये. धुराने हिरडीतले रक्त येणे कमी होते, रोग मात्र आत चालूच राहतो.

भगिनींचा उल्लेख आलाच आहे, तर सांगतो. बाई घोरते हे आपल्या घरात बोलायचीही चोरी. पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांतही हा आजार वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सकाळी डोके जड होणे, दिवसभर थकवा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन त्या येतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत जातात. नवऱ्याच्या घोरण्यावर गावभर हसता येते. बायकोच्या घोरण्याविषयी निदान डॉक्टरांच्या कानावर तरी घालावे.

कीड, कॅप आणि काढायचे दात

साधनाचा साचा दाताच्या मापाशी अगदी तंतोतंत असतो, चोळी अंगाला बसावी तसा. म्हणून मापानंतर दाताचा आकार बदलेल असे कोणतेही काम मागे ठेवायचे नाही. किडलेली दाढ आज भरली नाही आणि सहा महिन्यांनी तिचे रूट कॅनाल करून कॅप बसविली, तर साचा त्या जागी अडतो. कधी आतून घासून जुळवता येतो, कधी सगळेच नव्याने करावे लागते. तेच जुन्या कॅपचे. साधन रोज दाबून बसवायचे आणि रोज सकाळी ओढून काढायचे असते. सिमेंट सुटलेली कॅप एखाद्या सकाळी साच्याबरोबरच बाहेर येते. तुटलेली चांदी, कोपरा उडालेला दात, हे सगळे आधी बघून घ्यावे.

काढायचे दात आधीच काढावेत. अक्कलदाढ त्रास देत असेल, आज ना उद्या काढावीच लागणार असेल, तर तीही. जागा भरून हिरडीचा आकार स्थिर व्हायला साधारण सहा-आठ आठवडे द्यावे लागतात, त्यानंतर माप. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि ती चालू आहे हे आमच्यापासून लपवूही नये. दोन्ही प्रकारांनी घोटाळे होतात. पूल किंवा स्क्रूचा दात बसवायचा विचार असेल तर तो मापापूर्वी बसवावा. नुसता विचार असला तरी आधी सांगावा.

किती दात लागतात, असे विचारतात. साचा पकडायला प्रत्येक जबड्यात निदान सहा ते दहा चांगले, न हलणारे दात असावेत असा सर्वसाधारण हिशेब आहे, आणि ते सगळे पुढेच असून चालत नाही, मागे दाढा असल्या तर पकड चांगली बसते. आयुष्यभर रात्री दात खाऊन ते झिजून बुटके झाले असतील तर साचा टिकत नाही. त्यांची उंची आधी वाढवून घ्यावी लागते. पूर्ण कवळी असणाऱ्यांना हे साधन बसत नाही. त्यांच्यासाठी जीभ पुढे धरून ठेवणारे वेगळ्या तऱ्हेचे साधन असते, पण ते सोसणारे थोडे.

तोंड किती उघडते?

हा भाग तरुण सभासदांनी जरूर वाचावा. स्वतःच्या हाताची तीन बोटे जुळवून उभी धरा आणि पुढच्या दातांमधून आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी, दोरीसारखी ताठ लागत असेल, तर ते सुपारीचे काम आहे. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मावा घोटणारे हात थांबले नाहीत. सुपारीने गालाखालचे मांस आवळून तंतुमय होते आणि तोंड मिटत जाते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच या रोगाचे वर्णन केले होते. तोंडात माप घ्यायचा ट्रेच जात नाही, तिथे साधन कसे बसवणार? निदान २५ मिलिमीटर तोंड उघडावे आणि खालचा जबडा पुढे ५ मिलिमीटर तरी सरकावा, एवढे तरी हवे. शिवाय या रोगातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. तेव्हा अशा माणसाचे घोरणे दुसऱ्या नंबरवर जाते. आधी सुपारी बंद, मग उपचार आणि तोंडाचा व्यायाम.

कानापुढचा सांधा कटकट वाजतो का, जबडा कधी अडकतो का, हेही आम्ही तपासतो. नुसता आवाज येत असेल तर बहुधा अडचण येत नाही. दुखत असेल तर आधी त्याचा उपचार.

हे सर्व झाले की माप घेण्यापूर्वी दातांचे फोटो, साचे आणि दात मिटल्यावर कोणता दात कोणावर बसतो याची नोंद करून ठेवतो. एका सभासदाने विचारले, "याचा काय उपेग?" मी म्हटले, "बांधाची मोजणी करून नकाशा का ठेवता?" अनेक वर्षे साधन वापरल्यावर दात थोडे सरकतात. वरचे आत, खालचे बाहेर, आणि चावा बदलतो. हा या उपायाचा माहीत असलेला तोटा आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जुना नकाशा असला तर किती सरकले ते कळते. नसला तर तुम्ही म्हणाल पूर्वी असे नव्हते, मी म्हणेन होते.

मापाचा दिवस

मापाआधी एक-दोन आठवडे दात शेवटचे साफ करून घ्यावेत, म्हणजे हिरडी बसलेली असते. त्या दिवशी हलके खाऊन यावे. ओकारी लवकर येत असेल तर सांगावे आणि नाकाने श्वास घेत राहावे. नाक चोंदलेले असेल तर ते आधी दाखवून घ्यावे, कारण तोंडात साधन घालून झोपायचे म्हणजे नाक मोकळे हवेच. मग जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते मोजून साधारण निम्मा ते दोन तृतीयांश पुढे धरून नोंद करतात. पहिल्याच दिवशी पूर्ण पुढे खेचत नाहीत. पुढे काही आठवडे थोडेथोडे सरकवतात, आणि शेवटी साधन घालून झोपेची तपासणी पुन्हा करायची असते. घोरणे थांबले म्हणजे आजार थांबला असे नाही, श्वास थांबणे चालू असू शकते. २०१५ साली अमेरिकेतील झोपवैद्यक आणि दंतवैद्यक या दोन शाखांच्या संस्थांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही मापाने बनविलेले, पुढेमागे करता येणारे साधन आणि नंतरची ही तपासणी यांवर भर आहे. मोबाईलवर मागवून गरम पाण्यात मऊ करून चावायचे साचे मिळतात. हिरड्या, दात, जबडा यांतले काहीच न पाहता ते बसतात. माझे मत त्यांना प्रतिकूल आहे.

साधन मिळाल्यावर रात्री दात घासल्याशिवाय ते घालू नये, कारण साच्याखाली अडकलेले अन्न रात्रभर दातांशी राहते. सकाळी मऊ ब्रशने गार पाण्यात धुवावे. गरम पाण्याने साचा वाकतो. पहिले काही दिवस लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो, ते बहुधा कमी होते. आणि डबीत घालून उंच ठेवावे. लाळेच्या वासाने कुत्री साधन पळवतात आणि चावून टाकतात. हसू नका, आपल्याच भागात एकाचे गोठ्यात सापडले, तेही अर्धे.

तोवर काय?

दातांची तयारी करायला तीन-चार महिने लागतात म्हणून तोवर आजाराकडे दुर्लक्ष करायचे नाही. यंत्र थोडा वेळ तरी लावता येते का हे डॉक्टरांना विचारावे. मुखवट्याचा आकार बदलून पुष्कळांना ते जमते. कुशीवर झोपावे, रात्री दारू आणि झोपेची गोळी टाळावी, वजन उतरवावे. आणि डोळे जड झालेले असताना स्टेअरिंगला हात लावू नये. वाहतूकदार सभासदांनी हंगामापुरता तरी रात्रीच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर ठेवावा.

वेळेचे गणित मी असे सुचवतो. कारखान्याचा पट्टा पडला की वैशाखात तपासणी आणि हिरड्यांचे काम. पेरण्यांच्या आधी काढायचे दात काढून घ्यावेत. आषाढ-श्रावणात भरणे, कॅप. भाद्रपदात माप. दसऱ्याच्या सुमारास साधन सवयीचे झालेले असते.

वर सांगितलेले वाहतूकदार सभासद असेच चालले. त्यांच्या दोन दाढा काढल्या, तीन भरल्या, हिरड्या दोन वेळा साफ केल्या आणि मावा सोडायला लावला, तो सोडण्यातच महिना गेला. साधन बसले. नंतरच्या तपासणीत झटके तासाला २२ वरून ६ वर आले. पूर्ण गेले नाहीत हे खरे. त्यांच्या मालकीण मात्र मला म्हणाल्या, की पहिल्या रात्री घरात आवाजच नाही म्हणून त्या घाबरून दोन वेळा उठल्या आणि नाकाशी हात धरून पाहिले.

दवाखान्यात येताना झोपेच्या तपासणीचा कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, पूर्वीचे दातांचे फोटो असल्यास ते आणि कवळी असली तर ती तोंडात किंवा निदान खिशात घेऊन यावे. शेजारी झोपणारे माणूस सोबत आणले तर फार बरे. रात्री काय होते ते त्यालाच ठाऊक असते.